म्हणे, क्लबात काहीतरी बिनसलंय!

मराठीत विभक्त्या आठ असल्याचं आपल्याला शाळेत सांगतात. नववी कोणी सांगत नाही, पण वापरतात सगळे. ती म्हणजे ‘म्हणे’. ‘मालकांचं आपसांत पटत नाही’ हे झालं विधान. ते सिद्ध करावं लागतं. ‘मालकांचं आपसांत पटत नाही म्हणे’ असं म्हटलं की जबाबदारी संपली आणि मजा सुरू झाली. आपल्याकडच्या फुटबॉल क्लबांचा निम्मा इतिहास या नवव्या विभक्तीत आहे.

आता तुम्ही म्हणाल, शेगावच्या माणसाला फुटबॉलशी काय देणंघेणं? आमच्या गावाची कीर्ती समाधी मंदिराची, आणि त्याखालोखाल स्टेशनावरच्या कचोरीची. पण जरा भूगोल बघा. शेगाव मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे. 1891 साली मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला. 1940 साली तो कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगनं जिंकला, 1955 साली मोहन बागाननं. तो कप नागपूरमार्गे घरी गेला असेल, तर आमच्या फलाटासमोरूनच गेला असणार. इतिहासात याची नोंद नाही. पण इतिहासकार तरी कुठे कचोरी खायला उतरले होते!

दुसरं कारण असं, की व्यवस्थापन या विषयावर बोलण्याचा अधिकार शेगावकराला जन्मतःच मिळतो. इथल्या संस्थानाचा कारभार 1908 सालापासून, म्हणजे महाराजांच्या हयातीपासून, विश्वस्तांकडे आहे. 2021 साली निवर्तलेल्या शिवशंकरभाऊ पाटलांनी त्याला जी शिस्त लावली, ती बघायला लोक दुरून येतात. आमच्या गल्लीत एक निवृत्त रेल्वेबाबू राहतात. सगळी गल्ली त्यांना काका म्हणते. त्यांची व्यवस्थापनाची व्याख्या एका वाक्याची आहे.

“बापू, मॅनेजमेंट म्हंजे काय, तं आपली चप्पल जिथं ठेवली तिथंच सापडली पायजे.”

मोठमोठ्या पुस्तकांत याहून जास्त काही असेल असं मला वाटत नाही. तेव्हा हाच चपलेचा निकष आपण क्लबांना लावून पाहू.

पडद्यामागची भांडणं क्लबांना नेहमी बुडवतातच असं नाही. कधीकधी ती नवा क्लबही जन्माला घालतात. 1920 साली कलकत्त्याच्या जोडाबागान क्लबानं मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून शैलेश बोस या खेळाडूला वगळलं. क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी त्यावरून रुसले, उठले आणि चार मित्र जमवून त्यांनी वेगळा संसार थाटला. तोच ईस्ट बंगाल. आपल्याकडे असा रुसवा लग्नाच्या पंगतीत होतो आणि जिलबीच्या दुसऱ्या वाढीला मिटतो. बंगाल्यांनी तो शंभर वर्षं पुरवला.

मुंबईची तऱ्हा वेगळी. इथे फुटबॉल पोसला तो कंपन्यांनी आणि सरकारी खात्यांनी: टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे. त्यात रोमांच कमी असेल, पण सोय मोठी होती. खेळाडूला नोकरी असे. सकाळी चेंडू, दुपारी टेबल. गुडघा गेला तरी टेबल राही. चप्पल जागेवर!

पुढे धंदेवाईक फुटबॉल आलं. 1996 साली राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि 2007 साली तिची आय-लीग झाली. नव्या परवान्याच्या अटीत ऑफिसांचे संघ बसेनात, म्हणून 2013 साली एअर इंडिया आणि ओएनजीसी बाहेर पडले. महिंद्रचा संघ 1962 सालचा. 2000 साली त्यानं ‘महिंद्र युनायटेड’ असं भारदस्त नाव घेतलं आणि डेरिक परेरा या गोव्याच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या संघानं तोवर असं कधी केलं नव्हतं. आणि 2010 साली कंपनीनं संघच बंद केला. यापुढे आपण शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देणार, असं सांगितलं. मुलांकडे लक्ष द्यावंच. पण त्यासाठी थोरल्याला घराबाहेर काढतात हे मला नवीन होतं.

डेरिक परेरा तोवर पुण्यात आले होते. पुणे एफसी हा 2007 सालचा क्लब. 2012-13 च्या आय-लीगमध्ये तो दुसरा आला. 2015 साली तोही लीगमधून गेला. त्याच वर्षी पुण्यातलाच भारत एफसी एकच मोसम खेळून गेला. 2017 साली मुंबई एफसी गेला. गोव्याची घरं जुनी, तिथला राग जाहीर असतो: आय-लीगला दुय्यम ठरवणार, या कारणावरून 2016 साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि पाच वेळा देश जिंकलेला धेंपो यांनी एकापाठोपाठ अंग काढून घेतलं.

सगळ्यात नामी कथा एफसी पुणे सिटीची. 2014 साली इंडियन सुपर लीगबरोबर तो जन्मला. इटलीचा फिओरेंटिना क्लब भागीदार, हृतिक रोशन मालकांत, सामने बालेवाडीला. म्हणजे साखरपुडाच असा, की लग्न कधी होणार हे कोणी विचारूच नये. 2019 साली क्लब गुंडाळला आणि लीगमधली जागा हैदराबादला गेली. 2021-22 मध्ये हैदराबादनं लीग जिंकलीही. पण पुढे पैशांची ओढाताण सुरू झाली, पगार थकले, आणि 2023 साली फिफानं नवे खेळाडू नोंदवायला बंदी केली. 2025 साली तो क्लब दिल्लीला गेला. पुण्याहून निजामाच्या मुलखात आणि तिथून दिल्लीवर ही मोहीम आम्ही थोरल्या बाजीरावाच्या प्रकरणात वाचली होती. फरक एवढाच, की बाजीराव परत आले.

हे सगळं काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, “अन् पोट्टे? खेळणाऱ्या पोट्ट्यांचं काय झालं?”

प्रश्न बरोबर होता. क्लब बंद झाला की मालकाचा एक धंदा कमी होतो. त्याचे बाकीचे चालू असतात. खेळाडूला मात्र पायांची दहा-बारा वर्षं मिळतात. त्यातली दोन थकलेल्या पगाराची वाट बघण्यात गेली तर ती त्याला कोण परत देणार? जुन्या काळी क्लब मोडला तरी टेबल शिल्लक राहायचं. आता करार उरतो, आणि करारावर जेवता येत नाही. म्हणून ड्रेसिंग रूममधल्या ‘म्हणे’ला मी कुचाळकी म्हणत नाही. ज्याला हिशेब दाखवत नाहीत, तो कानोसाच घेणार. जुलै 2025 मध्ये तर नवा करार झाला नाही म्हणून लीगचाच मोसम थांबवून ठेवल्याचं जाहीर झालं. तोवर देशभरचे खेळाडू ‘म्हणे’वरच सराव करीत होते.

यावर उपाय काय, हे बाहेरच्यांनी दाखवलंय. लंडनचा विम्बल्डन क्लब दुसऱ्या गावी हलवायला 2002 साली परवानगी मिळाली, तेव्हा पाठीराख्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला. जर्मनीत तर बहुतेक क्लबांत निम्म्याहून अधिक मतं सभासदांच्या हाती ठेवण्याचा नियमच आहे. आणि 2020 साली मोहन बागानच्या नावाला नव्या भागीदाराचं ‘एटीके’ चिकटलं, तेव्हा बंगाली माणूस तीन वर्षं बोंबलत राहिला. 2023 साली ती अक्षरं निघाली.

आपण काय केलं? महिंद्र युनायटेड बंद पडला तेव्हा माझ्या माहितीतलं कोणी जेवण सोडलं नाही. मी धरून. आमच्याकडे दर्शनाच्या रांगेत कुणी पुढे घुसला तर चाळीस माणसं एका सुरात ओरडतात, कारण रांग आपली वाटते. क्लब आपला वाटावा अशी सोयच आपल्याकडे झाली नाही. तो कंपनीचा होता. तिनं आणला, तिनं नेला.

काकांचं मत याहून थोडक्यात आहे. “बापू, चप्पल तवाच सापडते, जवा ठेवणाऱ्याले मालूम असते का मालक घ्यायले येणार हाय.”