इंजिन काय म्हणतंय

आमच्या जीपचं काही बिघडलं की दादा आधी बॉनेट उघडत नसत. ते आधी माणसांना गप्प करत. "जरा दमानं घ्या की. तिचं ऐकू द्या आधी." आत बारा-तेरा माणसं कोंबलेली, कुणाच्या मांडीवर कोंबडी, कुणाचं पोर रडतंय, म्हसवडच्या बाजाराला उशीर होतोय, आणि हे रस्त्याच्या कडेला मान तिरकी करून उभे. लोक वैतागायचे. पण गप्प बसायचे, कारण दादा ऐकून जे सांगत ते बहुधा खरं निघे.

माण तालुक्यात जीप लोकांना डोळ्यांच्या आधी कानांनी कळली. बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, आम्ही पोरं सुकडीच्या आशेनं मागं. माळापलीकडून घरघर ऐकू आली की मुकादम उठून उभा राहायचा आणि बायांचे हातोडे भराभर पडायला लागायचे. साहेब दिसायचा नंतर. जीप म्हणजे सरकार, एवढंच तेव्हा डोक्यात बसलं होतं. तसली गाडी कधी आपल्या दारात उभी राहील असं स्वप्नातसुद्धा आलं नसतं.

ही गाडी मुळात लढाईची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. 1947 पासून महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपा जुळवायला घेतल्या. आमची होती ती सीजे-थ्रीबी, उंच बॉनेटची. हे मॉडेल अमेरिकेत 1953 साली निघालं. त्याचं बॉनेट उंच का, तर आतलं हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच. चार सिलिंडर, सव्वादोन लिटरच्या आसपास, पेट्रोलवर चालणारं. त्याची एक गंमत होती. पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकच्या कुशीत. म्हणजे टॅपेट दोन ठिकाणी. वरचे बघायला वरचं झाकण काढायचं, खालचे बघायला एक्झॉस्टच्या बाजूचं. हे झाकण पुढं येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

दादा आधी एका ठेकेदाराच्या ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर. 1978 साली त्यांनी सरकारी लिलावातून ही मोडीत काढलेली जीप साडेआठ हजारांना घेतली आणि वडापला लावली. शिक्षण दुसरी. इंजिनाची पुस्तकं इंग्रजीत, ती वाचणार कोण? त्यांनी आपला कोश कानांनी तयार केला होता, आणि त्यातले शब्द आमच्या घरातले, शेतातले होते.

टॅपेट ढिलं झालं तर शिवणयंत्र चालल्यागत टिकटिक, इंजिनाच्या निम्म्या चालीनं. सकाळी गार इंजिनात खडखड आणि गरम झाल्यावर गायब, तर पिस्टन बोअरमध्ये हलतोय. "म्हातारं माणूस हाय, सकाळी सांधे वाजणारच," असं म्हणून ते सोडून देत. चढाला, भरल्या गाडीत, डब्यात वाटाणे हलवल्यासारखा आवाज आला तर नॉकिंग. एक तर टायमिंग पुढं गेलंय, नाही तर पेट्रोलमध्ये रॉकेल आहे. अशा वेळी ते आधी बोटावर पेट्रोल घेऊन वास घ्यायचे, मग डिस्ट्रिब्युटर केसभर मागं फिरवायचे. फुसफुस येत असेल तर एक्झॉस्टचं पॅकिंग उडालंय. हा आवाज टॅपेटसारखाच भासतो आणि भले भले मिस्त्री त्यात फसतात. किरकिर असेल तर पंख्याचा पट्टा काढून क्षणभर इंजिन चालवायचं. आवाज गेला तर वॉटर पंप नाही तर डायनॅमो, राहिला तर आत काहीतरी.

जागा नक्की करायची तर लांब स्क्रूड्रायव्हर. टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर. मी पहिल्यांदा तसं ऐकलं तेव्हा दचकून मागं सरलो होतो. बाहेरून जी नुसती घरघर वाटते, तिच्यात आत केवढी गर्दी असते! दादा हसून म्हणाले, "बाजार हाय त्यो. आपल्याला त्यातलं एकच गिऱ्हाईक वळकायचंय."

आणि एक आवाज असा, की त्याचं नावसुद्धा ते नीट घेत नसत. कनेक्टिंगचं बेअरिंग. क्रँकला धरून फिरणाऱ्या दांड्याच्या बुडातली ती पातळ वाटी. ती झिजली की उखळात कांडल्यागत ठक ठक सुरू होते, आणि ॲक्सिलरेटर सोडला की जास्तच. तसंच दामटलं तर दांडा तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. जुने ड्रायव्हर म्हणे वाटीच्या जागी चामड्याच्या पट्ट्याचा तुकडा घालून घरापर्यंत यायचे. दादांनी ते कधी केलं नाही. त्यांच्यावर ती वेळ येऊ नये एवढं ते ऑईल जपायचे.

ती वेळ माझ्यामुळं आली.

1981चा डिसेंबर. रेडिएटरचं टोपण उघडताना दादांचा उजवा हात भाजला होता, म्हणून आठ दिवस गाडी माझ्याकडं. मी सतरा वर्षांचा. टॅपेट वाजायला लागले होते. दादा मळ्यात गेलेले पाहून मी एकट्यानं काम काढलं. वरचे अठरा थाऊ, खालचे सोळा, फिलर गेज लावून अगदी चोख केले. बाजूचं झाकण काढताना त्याचं पॅकिंग फाटलं. नवं आणायचं तर फलटण. मी फाटलेल्या जागी कपड्याचा साबण थापला आणि झाकण आवळून टाकलं. इंजिन असं गुळगुळीत चाललं की मी स्वतःवरच खूश. संध्याकाळी म्हसवडची एक फेरीही मारली. आल्यावर ऑईल बघितलं नाही.

रात्री एकच्या सुमाराला शेजारच्या काकू दार वाजवत आल्या. सुनेला दुपारपासून कळा, सुईण म्हणतेय पोर आडवं आहे, फलटणला न्यायला हवं. मागं गोधडी अंथरली, पोरीला निजवलं, काकू उशाशी बसल्या. मी चालवायला, दादा शेजारी, हाताला फडकं बांधलेलं.

बिजवडी मागं पडली आणि ठक ठक सुरू झालं. मी म्हणालो, "टॅपेट आसंल. उद्या बघतो."

"पाय काढ," दादा म्हणाले. मी ॲक्सिलरेटर सोडला. आवाज वाढला.

"टॅपेट न्हाय ह्ये. हुबी कर गाडी."

काकू मागून ओरडल्या, "आता काय आयकत बसताय वो भाऊजी! पोरगी चालली माझी!" दादांनी उत्तर दिलं नाही. ऑईलची पट्टी काढली, कोरडी. सीटखाली लिटरभराचा डबा होता तो ओतला. मग इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या उजेडात डाव्या हातानं एकेका प्लगची वायर काढायला लागले. पहिली काढली. इंजिन लंगडलं, ठक ठक तशीच. बसवली. दुसरी, तशीच. तिसरी काढली आणि आवाज मऊ पडला, जणू उखळात कुणी पोतं टाकलं. त्या सिलिंडरचा स्फोट थांबला, की झिजलेल्या वाटीवरचा मारही कमी. दादांनी ती वायर तशीच बाजूला बांधली.

"तीन पायावर न्हे. सेकंडला. दामटू नगंस, रेस करू नगंस."

पाचेक मिनिटं गेली असतील. मागच्या कण्हण्यानं ती मला तासाएवढी वाटली. मोगराळ्याचा घाट आम्ही बैलगाडीच्या चालीनं उतरलो. प्रत्येक वळणाला मला वाटे, आता दांडा बाहेर येणार. काकू घाटभर दादांना बोल लावत होत्या आणि दादा मान तिरकी करून फक्त खालचं ऐकत होते. साडेचारला दवाखान्याच्या दारात पोचलो. उजाडता उजाडता मुलगी झाली. दोघी जगल्या.

गाडी ओढून आणली. चेंबर उतरवलं तर तिसऱ्या वाटीचा पांढरा थर सोलून निघालेला, क्रँकवर चरे. क्रँक पोत्यात गुंडाळून एसटीनं कोल्हापूरला नेला, घासून घेतला, वीस थाऊच्या नव्या वाट्या बसवल्या. त्या खर्चात आईची बोरमाळ गेली. गावात दादा सांगत, "जुनं इंजिन. गेलं बेअरिंग." बाजूचं झाकण त्यांनीच उघडलं होतं. आतलं पॅकिंग बोटांनी काढलं, पुसलं, खिशात घातलं. मी समोर पान्हा धरून उभा होतो. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पुढं पेट्रोलचा खर्च झेपेना. वडापवाल्यांनी एकेक करून जुन्या जीपांत डिझेल इंजिनं बसवली, आम्हीही 1992 साली बसवलं. पैसा वाचला, पण दादांचं मन गाडीतून उडालं. "ह्ये सदाच बडबडतंय. ह्यात आयकायचं काय?" हळूहळू त्यांचे कानही गेले. आयुष्यभर इंजिनाशी कान लावल्याचं ते फळ असावं. तरी कुणाची मोटार दारात आली की मडगार्डवर तळहात ठेवून उभे राहायचे आणि कधी कधी बरोबर सांगायचेही.

शेवटच्या वर्षी एकदा ओसरीवर आम्ही दोघंच होतो. मी धीर करून, त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणालो, "दादा, त्या रात्रीचं बेअरिंग माझ्यामुळं गेलं. पॅकिंग फाटलं हुतं. म्या सांगितलं न्हाई."

ते बराच वेळ अंगणाकडं बघत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"कापडाचा साबण हुता," ते म्हणाले. "बिजवडीपसनं वास येत हुता."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. बोरमाळीचं सगळं आईला तेव्हाच कळलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं थापण्याचा आवाज परत सुरू झाला.