गंगाराम कांबळे यांचे हॉटेल : भांडवलाचा नव्हे, गिऱ्हाइकाचा प्रश्न

आमच्या महाविद्यालयात मध्यंतरी स्वयंरोजगाराचे एक शिबिर झाले. पाहुण्यांनी फळ्यावर चार शब्द लिहिले: भांडवल, जागा, कच्चा माल, बाजारपेठ. कर्जाचे फॉर्म वाटले गेले. शिबिर संपल्यावर एक विद्यार्थी माझ्याजवळ आला. गावच्या फाट्यावर कॉलेज सांभाळून सकाळी चहा-नाष्ट्याचा गाडा लावायचा त्याचा विचार होता. त्याने हळूच विचारले, "सर, गाड्यावर आडनाव घालू का नको?"

पाहुण्यांच्या फळ्यावर या प्रश्नाला जागा नव्हती. अर्थशास्त्राच्या ज्या पुस्तकांवर मी पदवी मिळवली, त्यांतही नव्हती. पण कोल्हापूरच्या इतिहासात आहे. शंभर वर्षांपूर्वी याच शहरात, भाऊसिंगजी रोडवर, एका महाराने चहाचे हॉटेल काढले होते.

गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकर होते. सवर्ण नोकरांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना बेदम मार बसला. महाराज त्या वेळी कोल्हापुरात नव्हते. परतल्यावर गंगारामांनी त्यांची गाठ घेऊन पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितले की, चाकरी सोड, स्वतःचा धंदा कर. त्यातून हॉटेल उभे राहिले. त्याचे नाव 'सत्यसुधारक'.

ही हकिकत आपल्याकडे महाराजांच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मोठेपणाबद्दल वाद नाही. पण या सांगण्यात गंगाराम हे दयेचे पात्र होऊन बसतात. मला ती धंद्याची गोष्ट म्हणून वाचावीशी वाटते.

धंदा कोणता निवडला, हे आधी पाहा. गवताचा, लाकडाचा किंवा कातड्याचा व्यापार असता तर विटाळ आड आला नसता, कारण अस्पृश्याने आणलेले लाकूड सवर्णाच्या चुलीत खुशाल जळत होते. चहाचे तसे नाही. चहा म्हणजे उकळलेले पाणीच. ज्या माणसाला पाण्याला शिवल्याबद्दल मारले, त्याच माणसाने पाणी उकळून, कपबशीत ओतून ते पैसे घेऊन विकायचे ठरवले. वर्णव्यवस्थेच्या नेमक्या नाडीवर बोट ठेवणारा हा धंदा होता.

आता धंद्याचे गणित मांडू. चूल, किटली, कपबश्या, दूध, साखर, चहापूड आणि रस्त्यावरची जागा, एवढ्यावर चहाचे दुकान सुरू होते. भांडवल थोडे लागते. पण दूध संध्याकाळपर्यंत टिकत नाही. गिऱ्हाईक आले नाही तर सकाळचे भांडवल रात्री गटारात जाते. म्हणून या धंद्याला बहिष्कार एका दिवसात मारू शकतो. आणि झालेही तसेच. हॉटेल महाराचे आहे हे कळताच गावाने तिकडे पाठ फिरवली. हॉटेल स्वच्छ होते, चहाही चांगला होता. गिऱ्हाईक मात्र नव्हते.

इथे महाराजांनी जे केले ते अर्थशास्त्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्यांनी दरमहा अनुदान बांधून दिले नाही. ते स्वतः गिऱ्हाईक झाले. त्यांची गाडी हॉटेलापुढे थांबे, ते गंगारामांच्या हातचा चहा घेत आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही तो घ्यावा लागे. पुढे त्यांनी गंगारामांना सोड्याचे यंत्रही घेऊन दिले, असे सांगतात. पण यंत्राच्या आधी गिऱ्हाईक आले, हा क्रम विसरता कामा नये.

कोणी म्हणेल, राजाच्या धाकाने प्यालेल्या चहाने अस्पृश्यता जाते काय? नाही जात. मन राजाज्ञेने बदलत नाही. पण हात बदलतात. चारचौघांत एकदा कप तोंडाला लावलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी विटाळाचा बडेजाव मिरवणे अवघड जाते.

हे एकटे कृत्य नव्हते, त्यामागे धोरण होते. 26 जुलै 1902 रोजी महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या. 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. 1918 साली महार वतन रद्द करून जमिनी रयताव्याने त्यांच्या नावे केल्या. या शेवटच्या निर्णयाचा धंद्याशी थेट संबंध आहे. वतनदार महाराला धनी असतात, गिऱ्हाईक नसते. त्याच्या श्रमाला भाव नसतो, बलुते असते, आणि तेही गावाच्या मर्जीवर. जो माणूस आपल्या श्रमाची किंमत सांगू शकत नाही तो दुकान काय काढणार? म्हणून बाबासाहेबांनीही 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाविरुद्ध विधेयक आणले. मुंबई राज्यात ही वतने कायद्याने जायला 1958 साल उजाडावे लागले.

बाबासाहेबांचे स्वतःचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून परतल्यावर, बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर, त्यांनी मुंबईत शेअर व्यवहारांत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच अशिले येईनाशी झाली आणि व्यवसाय बंद पडला. एकीकडे कोलंबिया विद्यापीठात शिकलेला अर्थशास्त्रज्ञ, दुसरीकडे पागेतला नोकर. दोघांची अडचण अक्षरशः एकच. फरक एवढाच की एकाला राजा गिऱ्हाईक मिळाला. पुढे 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाला, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. आणि त्याच मार्च महिन्यात माणगावच्या परिषदेत दोघे एका व्यासपीठावर आले.

6 मे 1922 रोजी महाराज गेले. त्यानंतर कोल्हापुरात त्यांचे पहिले स्मारक नंगीवली चौकात उभे राहिले, ते गंगाराम कांबळे यांच्या पुढाकाराने. सरदार-जहागीरदारांच्या आधी चहावाल्याने पैसे जमवले. स्वतःच्या कमाईवर उभा राहिलेला माणूस कृतज्ञताही मान ताठ ठेवून व्यक्त करतो. लाचाराची कृतज्ञता वेगळी असते.

आज चित्र पुष्कळ बदलले आहे. 1978 साली महात्मा फुले महामंडळ झाले, 2005 साली पुण्यात दलित उद्योजकांची चेंबर उभी राहिली, 2016 साली 'स्टँड अप इंडिया' योजना आली. हे सारे हवेच होते. पण या सर्वांचा भर भांडवलावर आहे. गिऱ्हाइकाची हमी कोणताही फॉर्म देत नाही. आपले कितीतरी तरुण आजही दुकानाला देवाचे किंवा मुलीचे नाव देतात आणि आडनाव परवान्याच्या कागदात ठेवतात. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार मला नाही, कारण त्यांचे दूधही संध्याकाळी नासते.

मी त्या विद्यार्थ्याला ही सारी हकिकत सांगितली. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पण सर, आता राजा कुठे आहे?"

प्रश्न रास्त आहे. लोकशाहीत राजा नसतो, म्हणून त्याचे काम सर्वांवर येते. आपण परिषदा भरवतो, शिबिरे घेतो, जयंतीचे मांडव घालतो. त्या मांडवातला चहा, जेवण, छपाई, ध्वनिक्षेपक कोणाकडून येतो, याचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय? आणि जे सवर्ण मित्र समतेच्या व्यासपीठावर आपल्या शेजारी बसतात, त्यांनी आडनाव लिहिलेल्या गाड्यापुढे उभे राहून चारचौघांत कप हातात घ्यावा. भाषणापेक्षा ते सोपे आहे आणि स्वस्तही.

त्या मुलाने गाडा लावला तर पाटीवर काय लिहायचे ते तो ठरवील. आपण मात्र पहिल्या दिवशी सकाळी तिथे हजर असले पाहिजे, आणि रोख पैसे देऊन.