प्रकाशीय चिमटा

एकवटलेल्या लेसर प्रकाशाने सूक्ष्म कण धरून ठेवण्याचे व हवे तिकडे नेण्याचे साधन. काही दशक नॅनोमीटरपासून सुमारे १० मायक्रोमीटरपर्यंतचे कण, जीवाणू आणि पेशी त्यात पकडता येतात. त्याचे जनक आर्थर ॲश्किन (१९२२–२०२०) हे अमेरिकन भौतिकीविज्ञ न्यू जर्सीतील बेल लॅबोरेटरीजमध्ये काम करत.

प्रकाश ज्यावर पडतो त्याला ढकलतो. १९७० साली ॲश्किन यांनी पाण्यातले लॅटेक्सचे बारीक गोल लेसरने असे ढकलले, तेव्हा शलाकेच्या कडेचे गोल मध्याकडे ओढले जाताना दिसले. साऱ्या तंत्राचे मूळ या ओढीत आहे. पारदर्शक गोलातून जाताना किरण वळतो, त्याचा संवेग बदलतो आणि तेवढाच उलटा धक्का गोलाला बसतो. प्रखर बाजूच्या किरणांचा धक्का जास्त, म्हणून गोल प्रखरतेकडे सरकतो. शलाका सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाने तीव्रपणे एकवटली, की ही ओढ पुढच्या रेट्यावर मात करते आणि कण नाभीपाशी अडकतो. एकाच शलाकेचा असा सापळा ॲश्किन व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये साधला. त्याचे बळ पिकोन्यूटनमध्ये मोजतात.

म्हणजे प्रकाश किती आहे याइतकेच तो कसा पसरला आहे यालाही महत्त्व आहे. पाण्यातल्या हवेच्या बुडबुड्यात किरण उलट बाजूला वळतात, म्हणून तो प्रखर भागातून बाहेर फेकला जातो. मधोमध अंधार असलेल्या वलयाकार शलाकेत मात्र तो धरता येतो. तरंगाग्राला मळसूत्री पीळ दिला तर प्रकाश शोषणारा कण फिरू लागतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात १९९५ मध्ये हे दाखवले गेले. होलोग्रामने एका शलाकेतून अनेक सापळे निघतात आणि संगणकाने चालणाऱ्या द्रवस्फटिकी पटलामुळे ते वेगवेगळे हलवता येतात.

जीवशास्त्राला या चिमट्याने जे दिले ते सर्वांत मोलाचे. हिरव्या लेसरने जीवाणू मरत, म्हणून १९८७ मध्ये ॲश्किन अवरक्त लेसरकडे वळले; सापळ्यातले जीवाणू जगले, विभागलेही. पेशीत माल वाहणारे कायनेसिन हे प्रथिन ८ नॅनोमीटरची पावले टाकते, हे १९९३ मध्ये चिमट्यामुळेच मोजता आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने अशा वाहक प्रथिनांची सामूहिक ओढ याच साधनाने अभ्यासली. ॲश्किन यांना २०१८ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला, तेव्हा ते ९६ वर्षांचे होते.