वेठ की श्रमदान? उप्पिनबेटगेरी ते गारगोटी : जे. पी. नाईक यांची वाटचाल

गावच्या ओढ्यात फावडी घेऊन माणसे उतरली आहेत. गाळाच्या पाट्या हातोहात काठावर जात आहेत. दुरून पाहणाऱ्याला हे श्रमदान आहे की वेठ, हे सांगता येणार नाही. काम तेच, घाम तोच, आणि मजुरी दोन्हींत नाही. काम कोणी ठरवले आणि ओढ्याचे पाणी पुढे कोणाच्या शेतात जाणार, हे विचारल्यावरच फरक कळतो.

कोल्हापूरच्या मातीला हा प्रश्न जुना आहे. अंमलदाराचे ओझे वाहणे, निरोप पोहोचवणे, हाक येईल तेव्हा राबणे, हे सारे वेठबिगारीत मोडत असे आणि त्याचा भार मुख्यतः महार समाजावर पडे. राजर्षी शाहू महाराजांनी कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत महार वतन आणि वेठबिगार या दोन्ही प्रथा बंद केल्या. याच भागात 'पैरा'ही चालत असे: आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. सहकार्याचे उदाहरण म्हणून पैऱ्याचे कौतुक होते आणि ते रास्तही आहे. मात्र ज्याला जमीनच नाही, त्याच्या श्रमाची फेड कोणत्या शेतात व्हायची?

याच मुलखातील आजरा तालुक्यात, बहिरेवाडी येथे, १९०७ साली विठ्ठल हरी घोटगे यांचा जन्म झाला. पुढे त्यांनी जयंत पांडुरंग नाईक हे नाव घेतले आणि देश त्यांना जे. पी. नाईक म्हणून ओळखू लागला. विषय गणित, शिक्षण धारवाडला. १९३० च्या सविनय कायदेभंगात ते तुरुंगात गेले. बळ्ळारीच्या तुरुंगात त्यांनी आजारी कैद्यांची शुश्रूषा केली आणि वैद्यकाची पुस्तके वाचली. सुटकेनंतर ते धारवाडजवळच्या उप्पिनबेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले. शाळा, स्वच्छता, औषधोपचार अशी अनेक कामे त्यांनी तेथे हाती घेतली.

त्या काळचे खेडे डोळ्यांसमोर आणले पाहिजे. धारवाड आणि कारवार हे जिल्हे हिवतापाने पोखरलेले होते. तेथे डीडीटी फवारणीचे प्रयोग झाले ते १९४५-४६ मध्ये. त्याआधी सामान्य माणसाच्या हाती उपाय दोनच होते: क्विनीनची गोळी आणि साचलेल्या पाण्याची डबकी बुजवणे. गोळ्या एकटा माणूसही वाटू शकतो. डबकी मात्र सगळ्या गावाने बुजवावी लागतात. एका घराने आपले अंगण कोरडे केले आणि शेजारच्या परसात पाणी तुंबले, तर डास उंबरठा विचारत नाहीत. सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र आणि गावकीचे राजकारण नेमके येथे एकमेकांत गुंततात.

स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, नाईकांच्या पुढाकाराने भुदरगड तालुक्यात गारगोटी येथे मौनी विद्यापीठ उभे राहिले. नाव पाटगावच्या मौनी महाराजांचे. गारगोटी तोवर परिचित होती ती डिसेंबर १९४२ मध्ये तेथील कचेरीवर झालेल्या हल्ल्यामुळे आणि त्यात धारातीर्थी पडलेल्या सात हुतात्म्यांमुळे. आता तेथे बालवाडीपासून उच्च शिक्षणापर्यंतचे सारे टप्पे एकाच परिसरात आणण्याचा प्रयत्न सुरू झाला. १९५६ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण उच्च शिक्षणासाठी निवडलेल्या पहिल्या मोजक्या संस्थांत गारगोटीचा समावेश होता. शिकलेल्या मुलाने गाव सोडू नये, गावाच्या कामी यावे, ही त्यामागची कल्पना.

योगायोग असा की, त्याच १९५२ साली, २ ऑक्टोबरला, देशभर सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि 'श्रमदान' हा शब्द सरकारी दप्तरात शिरला. किती माणसे आली, किती हात रस्ता झाला, याच्या नोंदी होऊ लागल्या. समाजशास्त्रज्ञ श्यामाचरण दुबे यांनी उत्तर भारतातील खेड्यांचा अभ्यास करून १९५८ मध्ये जे लिहिले, ते आजही बोचते. रस्त्याचा लाभ गाड्या आणि जमीन असणाऱ्यांना अधिक झाला, खपले मात्र गरीब, आणि त्यांना त्यात जुन्या बिगारीचीच छाया दिसली. त्याआधीच, १९५७ मध्ये, बलवंतराय मेहता समितीनेही सांगितले होते की, निर्णयाचा अधिकार लोकांकडे गेल्याशिवाय लोकसहभाग येणार नाही.

नाईक पुढे दिल्लीत गेले. कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. शिक्षण मंत्रालयात त्यांनी नाममात्र एक रुपया वेतनावर काम केले. त्यामुळे त्यांचे नाव शिक्षणाशीच जोडले जाते आणि आरोग्याचे काम मागे पडते. हा अन्याय आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद यांच्या अभ्यासगटाचा 'सर्वांसाठी आरोग्य : एक पर्यायी धोरण' हा अहवाल १९८१ चा. त्यामागे नाईकांची मोठी मेहनत होती. रुग्णालयकेंद्री, शहरी, वरून खाली येणारी व्यवस्था बदला. पोषण, पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांना अग्रक्रम द्या. आरोग्यसेवेची सूत्रे लोकसमूहाकडे सोपवा. अहवालाचा सूर हा होता. त्याच वर्षी ३० ऑगस्टला नाईक गेले.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि गावातलीच एक स्त्री गावाची आरोग्य कार्यकर्ती झाली: आशा. भुदरगड-आजऱ्याच्या वाड्यांवर बाळंतिणीची चौकशी, लसीकरणाची आठवण आणि तापाच्या रुग्णाची नोंद आज तिच्याकडेच असते. तिच्या पदाचे मराठी नाव 'स्वयंसेविका'. सुरुवातीला पगार नव्हता, कामागणिक मोबदला होता. जून २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट ओसरत असताना, राज्यभरातील आशा स्वयंसेविका संपावर गेल्या. त्यांची मागणी होती मानधनवाढीची.