जाग आल्यावर काय?

गेल्या वर्षी अम्मीच्या खुब्याचा सांधा बदलला. आदल्या रात्री तिनं भूलतज्ज्ञांना एकच विचारलं, "बेटा, ऑपरेशनच्या वेळी मला कळणार नाही, ठीक. पण जाग आल्यावर काय?" ते म्हणाले, जांघेजवळ सुई देऊन खुब्याच्या नसा काही तास बधिर करू. वेदनेवर मी इतक्या कविता लिहिल्या, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. त्या सुईच्या मागे लागलो तो थेट व्हिएन्नाला पोहोचलो.

तिथं १८८४ साली कार्ल कोलर हा तरुण डॉक्टर होता. कोकेननं जीभ बधिर होते, हे पुष्कळांना ठाऊक होतं. त्याचा मित्र फ्रॉईड, तोच मनोविश्लेषणवाला, कोकेनवर लिहीतही होता. तो वाग्दत्त वधूला भेटायला गेला आणि इकडे कोलरनं ते द्रावण आधी बेडकाच्या, मग स्वतःच्या डोळ्यात घातलं. बुबुळाला टाचणी टेकवली. काही कळलं नाही! १५ सप्टेंबरला हायडेलबर्गच्या परिषदेत त्याचा निबंध वाचला गेला, पण दुसऱ्याच्या तोंडून. कोलरकडे प्रवासखर्चाला पैसे नव्हते. पुढच्याच वर्षी, ज्यू म्हणून झालेल्या अपमानापायी त्याला द्वंद्वयुद्ध खेळावं लागलं. अखेर तो व्हिएन्ना सोडून न्यूयॉर्कला गेला.

त्याच न्यूयॉर्कमध्ये कोलरच्या आधीच हॅलस्टेड या सर्जननं नस जिथून जाते तिथंच कोकेन टोचून पाहिलं होतं. हाच नर्व्ह ब्लॉक. प्रयोग स्वतःवर केले, व्यसनही स्वतःलाच जडलं. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बीअरनं आपला सहायक हिल्डेब्रांट याच्या मणक्यात कोकेन दिलं आणि नडगीवर लोखंडी हातोडा मारून पाहिला. मार हिल्डेब्रांटनं खाल्ला, नाव बीअरचं झालं. मला जवळचा वाटतो तो हिल्डेब्रांट.

पुढे कोकेनच्या जागी प्रोकेन, लिग्नोकेन अशी सौम्य औषधं आली. १९६२ साली इंग्लंडात जॉन चार्नलींनी टिकाऊ कृत्रिम खुबा बसवला, आणि अम्मीचा प्रश्न खरा तेव्हापासून मोठा झाला. मॉर्फिननं दुखणं थांबतं, पण म्हाताऱ्या माणसाला मळमळतं, भ्रम होतो. मांडीची मोठी नस बधिर करावी, तर मांडीतलं बळ जातं आणि रोगी उभाच राहू शकत नाही. शिवाय खुब्याला एक नव्हे, अनेक नसांचे धागे येतात. १९९०च्या दशकात पुन्हा व्हिएन्नातच डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्यावर नस पाहून सुई देऊ लागले. २०१८ साली टोरंटोच्या डॉक्टरांनी सांध्याच्या पुढच्या बाजूचे, केवळ वेदना नेणारे बारीक तंतू गाठण्याची रीत मांडली. तिचं नाव पेंग ब्लॉक. अम्मीला दिला तो हाच.

दुसऱ्या दिवशी ती वॉकर धरून चार पावलं चालली. रात्री औषध उतरलं. मला हलवून म्हणाली, "ऊठ, गोळी दे. पाय माझा मला परत मिळालाय."