‘वऱ्हाड’ सापडत नाही तेव्हा : संपादकाची परीक्षा कोणत्या चौकटीत घ्यावी?

१/
यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे कोळशाच्या खाणीचे गाव. इथला इतिहास लिहायला बसणाऱ्याच्या लेखणीखाली पहिल्याच पानावर एक शब्द हमखास येतो : वऱ्हाड. हाच शब्द संगणकावरील टिपणांत शोधू लागलो, तर काही वेळा निम्म्याच जागी सापडतो. डोळ्यांना तो सर्वत्र दिसत असतो, यंत्राला मात्र दिसत नाही. आजची मालिका या कोड्याविषयी आणि ते पकडणाऱ्या चाचण्यांच्या इतिहासाविषयी.

२/
कोड्याचे मूळ अर्ध्या ‘र’मध्ये आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. ‘आचार्यास’ दक्षिणा द्यावी, ‘आचाऱ्यास’ मजुरी. मराठीत रफार आणि हा आडवा ‘र’ यांच्या भेदाने अर्थच पालटतो.

३/
१९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ हे भारतीय लिप्यांचे सांकेतिक मानक स्वीकारले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी भारताच्याच १९८८ च्या इस्की मानकावर बेतलेली होती. पुढे आडवा ‘र’ लिहिण्याचे एकाहून अधिक मार्ग रूढ झाले.

४/
पहिला मार्ग : स्वतंत्र ‘ऱ’ व हलन्त. या मार्गाने ‘वऱ्हाड’ शब्दाचे सहा संकेत होतात. दुसरा : साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. असे सात संकेत होतात. तिसरा : ‘र’ला नुक्ता देऊन हलन्त. हेही सातच. पहिला व तिसरा युनिकोडच्या नियमांनी समतुल्य मानले जातात, दुसरा तसा मानला जात नाही. कागदावर तिन्ही रूपे एकच, पण साधा शोध संकेतांचा क्रमच ताडून पाहतो.

५/
आता संपादकाकडे वळू. १९७६ मध्ये एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी टेको या संपादकासाठी लिहिलेल्या आज्ञा एकत्र केल्या. त्यातून इमॅक्स जन्मला. १९८५ मध्ये जीएनयू इमॅक्स लोकांच्या हाती आला. त्याचे वैशिष्ट्य असे की वापरणारा लिस्प भाषेत चार ओळी लिहून, चालू असतानाच त्याचे वर्तन बदलू शकतो.

६/
देवनागरीही या संपादकात टप्प्याटप्प्याने आली. १९९७ च्या विसाव्या आवृत्तीत जपानमध्ये विकसित झालेली बहुभाषिक व्यवस्था सामील झाली. २०२० च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून जोडाक्षरांची घडण हार्फबझ या ग्रंथालयाकडे सोपवता येऊ लागली. अक्षरे नेटकी दिसू लागली, परंतु दिसणे आणि सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

७/
वाटेल त्याला वाटेल ते बदलता येणे हे वैभव आहे, तशी जोखीमही आहे. एकाने लिहिलेली सुधारणा दुसऱ्याच्या सुधारणेला नकळत धक्का देते. राजूरसारख्या गावात हे समजावून सांगायला दूर जावे लागत नाही. खाणीत उतरणारा कसबी कामगार छताला दांड्याने ठोकून आवाज ऐकतो : भरीव की पोकळ? आणि काल ठोकले होते म्हणून आज सोडून चालत नाही, कारण खोदकामाने छत रोज बदलते.

८/
आज्ञावलीच्या छताला असे ठोकण्याची रीत म्हणजे युनिट टेस्ट. १९९४ मध्ये केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी चाचण्यांची एक साधी चौकट प्रसिद्ध केली. १९९७ मध्ये झ्यूरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बेक आणि एरिक गामा यांनी तीच कल्पना जावामध्ये उतरवली. ती जेयुनिट. त्यानंतर बहुतेक भाषांत तिची भावंडे जन्मली.

९/
इमॅक्सच्या घरात हे काम ख्रिश्चन ओलर यांच्या ईआरटीने केले. २०१२ च्या चोविसाव्या आवृत्तीपासून ती इमॅक्ससोबतच मिळते. चाचणी फसली, तर कोणत्या उपपदाचे मूल्य काय निघाले हे ती संपादकातच दाखवते. तिथूनच मूळ ओळीवर उडी मारता येते. प्रत्येक चाचणीपूर्वीची मांडामांड करणारी खास सोय तिने जाणूनबुजून ठेवली नाही. ते काम साध्या फलनांनी करावे, अशी तिची भूमिका आहे.

१०/
२०१५ मध्ये योर्गन शेफर यांची बटरकप आली. जावास्क्रिप्टमधील जास्मिनचा आदर्श तिच्यासमोर होता. तिच्यात चाचण्या वाक्यांसारख्या रचल्या जातात : अमुक प्रसंगाचे वर्णन करा, त्यात अमुक घडले पाहिजे असे म्हणा. प्रत्येक चाचणीपूर्वीची तयारी आणि खऱ्या फलनाच्या जागी बसवायचा ‘हेर’ या दोन्ही सोयी तिच्यात तयार मिळतात. मात्र ती वेगळी आणून बसवावी लागते.

११/
मग निवड कशी करावी? सुधारणा लहान असेल आणि ती पुढे इमॅक्सच्या मूळ भांडारात जावी असे वाटत असेल, तर ईआरटी. तिथल्या चाचण्या याच चौकटीत असतात. सुधारणा मोठी असेल, अनेक प्रसंग आणि बाह्य साधने हाताळत असेल, तर बटरकपची वाक्यरचना दीर्घकाळ वाचनीय राहते. दोन्हींत एक पथ्य समान आहे : चाचण्या स्वतःच्या सजवलेल्या सत्रात चालवून समाधान मानू नये. संपादक कोऱ्या स्थितीत, पडद्यामागे सुरू करून त्या चालवाव्यात. अन्यथा आपल्या खासगी मांडणीने झाकलेली चूक इतरांच्या वाट्याला येते.

१२/
तरीही चौकटीपेक्षा प्रश्न मोठा. चौकट फक्त दांडा पुरवते. कुठे ठोकायचे ते ठोकणाऱ्यालाच ठाऊक हवे. ‘तात्पुरत्या पानावर वऱ्हाड तिन्ही मार्गांनी लिहा, एकदाच शोधा, तिन्ही सापडले पाहिजेत’ ही चाचणी ईआरटीत काही ओळींत लिहिता येते. तिचे नावही देवनागरीत ठेवता येते. पण ती मराठी न जाणणाऱ्या निष्णात प्रोग्रामरला सुचणे कठीण. त्याच्या दृष्टीने मुळात तिथे काही बिघडलेलेच नसते.

१३/
इतिहासाच्या अभ्यासकाला याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. शोधात न आलेला दस्तऐवज अभ्यासकाच्या लेखी नसल्यातच जमा होतो. टिपणांतील निम्मे वऱ्हाड सापडले नाही, तर निष्कर्षही निम्म्या पुराव्यावर उभा राहतो, आणि तसे झाल्याचे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

१४/
म्हणून तुमच्यापैकी ज्यांना लिस्पचे थोडेही ज्ञान आहे, त्यांनी चौकटींच्या वादात महिने घालवू नयेत. ईआरटी हाताशी आहे, तिने आरंभ करावा. पहिली चाचणी मात्र ‘वऱ्हाड’ची असावी.