जात्याआडची फिर्याद
दहाव्या शतकात जपानच्या दरबारी वर्तुळातल्या, 'मिचित्सुनाची आई' एवढ्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखिकेने नवऱ्याने केलेली उपेक्षा रोजनिशीत नोंदवली. सुरतच्या नवागाममध्ये वसलेल्या खानदेशी कुटुंबांच्या आज्या-पणज्यांकडे कागद नव्हता, जाते होते. पहाटेच्या ओवीत सासुरवास, मारझोड, माहेरचा दुरावा येई आणि घरघरीच्या आडोशाने तो बोल खपून जाई.

आक्षेप असा, की हे नुसते मन हलके करणे. त्याने घरातली सत्ता हलली नाही. शिवाय याच ओव्या भावाला, नवऱ्याला आयुष्यही मागतात. पण निषेध म्हणजे बंडच असे नाही. एकीची व्यथा दुसरीने उचलून गायली, की ती सगळ्यांची साक्ष होते. अभ्यासक गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातून जमवलेल्या लाखभर ओव्या हेच दाखवतात. त्या केवळ भक्ती-मायेच्या खाती टाकू नयेत. फिर्याद म्हणूनही वाचाव्यात.